चित्राला ‘कथित’ म्हणता येत नाही

(दृश्य: नागपूरचा नकाशा. कस्तुरबानगरची वस्ती आणि न्यायालय जिथं आहे ते सिव्हिल लाइन्स, दोनच ठिपके.)

13 ऑगस्ट 2004. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, जमावानं अक्कू यादवला ठार मारलं. कस्तुरबानगरच्या वस्तीनं वर्षानुवर्षं ज्याची दहशत सोसली, तो हा गुंड. वस्तीतल्या बायकांना अटक झाली, पुढं पुरुषांनाही. 2014 मध्ये हयात असलेले सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

आता यावरच्या माहितीपटाची शीर्षकं, म्हणजे सुरुवातीची नावांची दृश्यं, करायला बसा. पहिल्यांदा सुचतं ते हेच: लाल पडदा, पदर खोचलेली बाई, हातात सुरा. दिसायला जबरदस्त. पण कोर्टात जे सिद्ध झालं नाही, ते तुम्ही तीन सेकंदांत सिद्ध करून मोकळे झालात. निवेदक ‘कथित’ म्हणू शकतो, ‘आरोपानुसार’ म्हणू शकतो. चित्राला ती सोय नाही.

(दृश्य: नकाशावर रेघ उमटते. काही भाग सलग, काही तुटक.)

ती सोय आपण करून द्यायची. कागदोपत्री नोंद असेल तिथं रेघ सलग. नुसता साक्षीदाराचा शब्द असेल तिथं तुटक. साक्षी जुळत नसतील तर रेघ तिथंच थांबवायची. पंचनामा मिळाला तर तोच दाखवा. पंचांच्या सह्या, घटनास्थळाचा हातानं काढलेला कच्चा नकाशा, शिक्का. रक्ताच्या शिंतोड्यांपेक्षा हे कितीतरी बोलकं आहे. कागद नव्यानं तयार केला असेल, तर ‘पुनर्निर्मित’ असं त्याच चौकटीत लिहा.

(दृश्य: पडद्यावर ‘न्यायालय’ हा शब्द टाइप होतो.)

टाइपरायटरसारखी अक्षरं उमटवायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती युक्ती रोमन लिपीसाठी घडलेली. देवनागरीत आधी ‘न’ येतो, मग त्याचा पाय मोडतो, मग ‘न्य’, मग काना. शब्द प्रेक्षकासमोर लुळापांगळा होत उभा राहतो. त्यापेक्षा अख्खा शब्द शिरोरेषेच्या ओघात डावीकडून उजवीकडे उलगडावा. आपली लिपी तशीच वाचली जाते.

(दृश्य: बलात्काराच्या तक्रारीचा कागद. नावावर काळी पट्टी.)

सगळ्यात जपायचं ते नाव. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 72. पीडिता हयात नसली तरी तिची ओळख जपायची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं. नुसतं नाव झाकून भागत नाही. नवऱ्याचं नाव, गल्ली, घर क्रमांक, यांवरूनही वस्तीत माणूस ओळखू येतो. धूसर केलेलं अक्षर कधीकधी वाचता येतं, आणि प्रेक्षक मोबाइलवर चौकट थांबवून मोठी करून बघतो. म्हणून काळी पट्टी स्कॅनवरच भरा, आणि संकलकाकडे फक्त तीच प्रत जाऊ द्या.