दोन पावलं मागे

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम थोडंच. खरा खेळ हातांचा आणि खांद्यांचा. बॉल घेऊन पळणाऱ्याचं नाव पेपरात येतं. त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे गडी मात्र पुढच्या रांगेत असतात. समोरच्याचा श्वास अंगावर येईल इतक्या जवळ वाकून उभे राहायचं आणि इशारा झाला की धडक द्यायची. हे लाइनमन. सगळा सामना संपला तरी यातल्या काहींच्या हाताला बॉल लागलेला नसतो.

स्टीव्ह ओवेन हा असाच एक. जन्म 1898 चा, ओक्लाहोमातल्या क्लिओ स्प्रिंग्जचा. बुटका, रुंद, वजन शंभर किलोच्या वर. कॅन्सस सिटीकडून खेळून 1926 मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्सकडे आला आणि टॅकलच्या, म्हणजे पुढच्या रांगेतल्याच एका जागेवर घट्ट उभा राहिला. 1927 च्या हंगामात जायंट्स 13 सामने खेळले आणि सगळ्यांत मिळून त्यांच्यावर गुण झाले फक्त 20. अजिंक्यपद त्यांचंच. एवढ्या आकड्यावरून पुढच्या रांगेची ताकद कळावी.

1931 पासून प्रशिक्षकपदाची सूत्रं त्याच्याकडे आली, ती 1953 पर्यंत. मालक टिम मारा यांच्याशी लेखी करार नव्हता म्हणतात. हातात हात दिला की वर्ष पक्कं!

आता 9 डिसेंबर 1934 ची दुपार. पोलो ग्राउंड्सचं मैदान गोठून फरशीसारखं झालेलं. समोर शिकागो बेअर्स, त्या मोसमात एकही सामना न हरलेले. बूट रुतायला जमीनच नाही. जायंट्सचा रे फ्लाहर्टी म्हणाला, कॉलेजात असताना अशा वेळी आम्ही रबरी तळव्यांचे बूट घातले होते. रविवारी दुकानं बंद. तेव्हा एब कोहेन नावाचा मदतनीस मॅनहॅटन कॉलेजकडे धावला आणि तिथल्या बास्केटबॉल खेळाडूंचे बूट घेऊन परतला. तोवर पहिला अर्धा डाव उरकला होता. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा बेअर्स 13, जायंट्स 3. त्या एका भागात जायंट्सनी 27 गुण काढले. सामना 30-13.

हा किस्सा लोक बुटांचा म्हणून सांगतात. मला त्यात लाइनमन दिसतो. पाय सरकला की धडक वाया जाते, हे ज्यानं अंगावर घेतलंय तो अशी सूचना हसण्यावारी नेत नाही.

आणि तरी त्याचं सगळ्यात डोकेबाज काम नेमकं उलटं आहे. 1950 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ नव्यानं जायंट्सच्या लीगमध्ये आला, दुसऱ्या लीगची चारही अजिंक्यपदं खिशात घालून. त्यांचा ऑटो ग्रॅहॅम लांब पास टाकण्यात पटाईत. ओवेननं बचावाची नवी रचना आखली: रांगेच्या दोन टोकांचे गडी एरवी धडक द्यायला झेपावतात, त्यांनी आता वेळ पाहून मागे सरकायचं. मागच्या चौघांसह वरून पाहिलं तर उघडलेली छत्री दिसते, म्हणून नाव पडलं अंब्रेला डिफेन्स. ज्याचा जन्म पुढे रेटण्यात गेला त्यानं आपल्या माणसांना मागे व्हा म्हणावं, हे मला फार आवडतं. जायंट्स 6, ब्राउन्स 0. ब्राउन्सच्या पाटीवर भोपळा त्या दिवशी पहिल्यांदाच.

शेवट मात्र गोड झाला नाही. 1953 मध्ये त्याच ब्राउन्सनी 62-14 असं धुतलं, आणि त्या मोसमानंतर ओवेनचं पद गेलं. 1964 मध्ये तो वारला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, नाव लागलं 1966 ला.

त्या छत्रीची आखणी ओवेननं फळ्यावर ढोबळच मांडली होती. तपशील सोबत्यांना समजावून दिला तो मागच्या चौघांतल्या एका तरुण खेळाडूनं. त्याचं नाव टॉम लँड्री. पुढे हाच लँड्री 29 वर्षं डॅलस काउबॉइजचा प्रशिक्षक होता.