माकडताप आणि बदकाच्या पायातलं कडं

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की नाथसागरावर, नांदूर मध्यमेश्वरला, उजनीच्या फुगवट्यावर बदकं उतरतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. उत्तरेकडून येतात, एवढं आपण सगळेच सांगतो. पण उत्तर केवढी मोठी! नेमक्या कुठल्या पाणथळीवरून आली, हे कळायला लागलं ते पायात घातलेल्या कड्यामुळे. हलकं अ‍ॅल्युमिनियमचं कडं, त्यावर क्रमांक आणि कळवायचं कुणाला ते. तोच क्रमांक पुन्हा कुणाच्या हाती लागला की नकाशावर दोन जागा जोडल्या जातात.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते एका तापामुळे. ही हकिगत मला फार प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साल १९५७. तेव्हाचं म्हैसूर राज्य, शिमोगा जिल्हा. क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसं तापानं फणफणली, काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिथे पोहोचली. आधी संशय आला पीतज्वराचा, कारण त्यातही माकडं मरतात. तो संशय फिटला. सापडला तो गोचिडीतून पसरणारा नवाच विषाणू, आणि त्याचे जवळचे भाईबंद कुठे, तर थेट रशियात, सायबेरियात! हाच तो माकडताप. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडच्या श्रोत्यांना त्याची ओळख करून द्यायला नको.

आता प्रश्न पडला, सायबेरियातल्या विषाणूचा भाऊ शिमोग्यात कसा? दरवर्षी तिकडून इकडे येतं कोण? पक्षी! त्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील का? जागतिक आरोग्य संघटनेनं यात लक्ष घातलं. पक्षितज्ज्ञ सालीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांना पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचाच होता, अडचण होती पैशाची. ती मदत मिळाली आणि १९५९पासून काम उभं राहिलं. पक्षी पकडायला बिहारचे मीरशिकार आले, पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणारे. पक्ष्याला इजा न करता जाळ्यात घेण्याची त्यांची हातोटी शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडूनच शिकावी अशी. माझं ठाम मत आहे, अशा माणसांची नावं संशोधनाच्या पहिल्या पानावर छापली पाहिजेत.

राजस्थानातल्या भरतपूरला बदकं धरली, गोचिडी तपासल्या, कडी घातली, सोडून दिली. मग कझाकस्तानातून, सायबेरियातून त्यांच्या खबरा येऊ लागल्या. आणि माकडताप? तो पक्ष्यांनी आणला, असं काही सिद्ध झालं नाही. ताप इथल्याच जंगलातला निघाला. पण त्याच्या निमित्तानं बदकांच्या वाटा हाती आल्या.

कड्यावरून कळतं बदक कुठून कुठे गेलं. नातं कुणाशी, हे मात्र कडं सांगत नाही. ते सांगते जनुकांची तपासणी. रक्ताचा थेंब किंवा पिसाचं मूळ पुरतं. यातली गंमत ऐका. बऱ्याच बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामातच जमतात. वसंतात मादी आपल्या जन्माच्या पाणथळीकडे निघते आणि नर तिच्यामागून जातो, घरजावई होऊन! नर दरसाल असा नव्या प्रदेशात जाऊ शकतो, त्यामुळे वेगवेगळ्या वाटांवरच्या बदकांचं रक्त मिसळत राहतं. हिरव्या डोक्याच्या मॅलार्ड बदकात तर खंड बदलला तरी जनुकांत फरक फार थोडा. फक्त आईकडून येणाऱ्या जनुकांत मात्र प्रदेशाची खूण जास्त टिकते, कारण मादी माहेर सोडत नाही. म्हणून दोन्ही हवं: वाटेसाठी कडं, नात्यासाठी जनुकं.

 

कडी घातलेल्या पक्ष्यांपैकी फारच थोड्यांची खबर परत येते. म्हणून एक विनंती. कडं असलेलं बदक दिसलं, तर दुर्बिणीतून क्रमांक वाचा, फोटो काढा. मेलेलं सापडलं, तर बर्ड फ्लूचा धोका असतो. उघड्या हातानं उचलू नका, वनखात्याला कळवा. पुन्हा सांगतो, तीन गोष्टी लिहून ठेवा: क्रमांक, जागा, तारीख. आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवून द्या.

नमस्कार.