मणी नव्हे, पाटी
(धुळे येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत ‘अबॅकस : गणितातला आणि वास्तुकलेतला’ असं छापलंय. वास्तुकलेकडे येतो. आधी माझं एक गाऱ्हाणं ऐका.

नात दुसरीत आहे, अबॅकसच्या क्लासला जाते. पालकसभेला मुलगा-सून दोघांनाही सुटी नाही, म्हणून मला धाडलं. मी बाईंना विचारलं, “अबॅकस म्हणजे काय हो?” म्हणाल्या, “मणी, आजोबा! फास्ट कॅल्क्युलेशन.” मी म्हटलं, मणी नाही, पाटी. ग्रीक ‘अबॅक्स’ म्हणजे फळी, पाटी. धूळ या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी काही अभ्यासक त्याचं नातं जोडतात. तर बाई म्हणतात, “छे हो, धूळ कुठली? आमचा क्लास एसी आहे!”

हसा, हसा. पण तुम्ही धुळेकर. धुळीचं तुम्हाला काय सांगायचं! आमचे आजोबा धूळपाटीवर बोटानं धुळाक्षरं गिरवत शिकले. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. पावकी, निमकी त्यांना मरेपर्यंत पाठ. सर्टिफिकेट मात्र कुणी दिलं नाही.

नातीकडे आहे तो जपानी सोरोबान. दांडीला वर एक मणी, खाली चार, वरचा पाचाचा. चिनी सुआनपानला वर दोन, खाली पाच. पण 1846 मध्ये ग्रीसच्या सॅलॅमिस बेटावर सापडली ती दीड मीटर लांबीची संगमरवरी पाटी. तिच्यावर नुसत्या रेघा, एक मणी नाही. रेघांवर खडे सरकवायचे. लॅटिनमध्ये खडा म्हणजे ‘कॅल्क्युलस’. मुतखड्याला डॉक्टर आजही तेच म्हणतात. तेव्हा पोटात दुखलं तर गणिताच्या मास्तरला बोल लावू नका.

आता आपलं घर. चाळीसगावजवळ पाटणादेवीला सगळेच जाऊन आलात. तिथंच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. 1207 सालचा शिलालेख आहे. आणि आजोबांची 1150 ची ‘लीलावती’ कसली? पाटीगणिताची! म्हणजे इथंही पाटीच. आपण नारळ फोडतो, वडे खातो, परत फिरतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

खांबाच्या डोक्यावर, तुळईखाली जी सपाट लादी असते, तिला वास्तुकलेत अबॅकस म्हणतात. डोरिक या ग्रीक शैलीच्या खांबावर ती साधी चौकोनी. कोरिंथियन या दुसऱ्या ग्रीक शैलीत तिच्या कडा आत वळलेल्या. भार पसरून घेणं हे तिचं काम. आपल्या शिल्पशास्त्रात तिला ‘फलक’ म्हणतात. फलक म्हणजे पुन्हा फळीच! ग्रीकांना सुचलं तेच आपल्या स्थपतींना सुचलं, आणि मणी कुणाच्याच डोक्यात नव्हते. हे सांगायलाच तर मी आलो होतो.

दुसरी चिठ्ठी. उठतोच. कुणाकडे रुपया आहे? द्या इकडे. हे सिंह ज्या गोल पट्ट्यावर उभे आहेत, मधे चक्र, एका बाजूला बैल, एका बाजूला घोडा, तो पट्टा म्हणजे सारनाथच्या अशोकस्तंभाचा अबॅकस. मागच्या रांगेपर्यंत फिरवा.

आणि रुपया परत येऊ द्या, भाऊंचा आहे.