टनाचा दर आणि उचलीचा भाव

मंडळी, श्रमाच्या बाजाराबद्दल बोलताना पहिला प्रश्न येतो तो मजुरी किती, हा. ऊसतोडीत त्याचं उत्तर वरवर पाहता सोपं आहे. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि कामगार यांच्यातला वाद मिटवणाऱ्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली. टनाला साधारण २७४ रुपये होते, ते ३६६ च्या आसपास गेले आणि टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. साखर संघ, म्हणजे कारखान्यांची संघटना, आणि कामगार संघटना यांच्या करारात सगळी ओढाताण याच आकड्यावर होते, वर्तमानपत्रांत मथळेही त्याचेच येतात. माझं म्हणणं असं, की या आकड्यातून मजुरीचा निम्माच भाव कळतो. उरलेला निम्मा पावसाळ्यात बीड-अहिल्यानगरकडच्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, पाथर्डी या भागांत ठरलेला असतो. त्याला उचल म्हणतात, म्हणजे निघण्याआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम.

आधी पैसा कसा वाहतो ते पाहू. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅक्टरमालकाशी, करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. या रकमेमागे पुष्कळदा बँकेचं कर्ज असतं. ट्रॅक्टरमालक ती मुकादमाला देतो आणि मुकादम जोड्यांना वाटतो. जोडी म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, त्याला उचलही निम्मी. काही ठिकाणी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, बाकी तोंडी चालतं. कायद्याच्या भाषेत मालक कोण, हे विचारलं की प्रत्येक जण वरच्याकडे किंवा खालच्याकडे बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, आमचा करार ट्रॅक्टरमालकाशी. ट्रॅक्टरमालक म्हणतो, माणसं मुकादमाची.

इतक्या लांबून माणसं आणायची गरजच काय, असं कोणी विचारेल. कोल्हापूर-सांगलीत भूमिहीन नाहीत का? आहेत. पण ऊस हा नाशवंत माल आहे. तोडल्यावर चोवीस तासांच्या आत तो गाळपाला गेला पाहिजे. नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो. कारखान्याला रात्री दोन वाजता ट्रॉली भरून देणारा माणूस लागतो, आणि तो फडाजवळ, म्हणजे तोडणीच्या रानाजवळ, कोपी (झोपडी) घालून राहिलेला असेल तरच मिळतो. स्थानिक मजूर संध्याकाळी घरी जातो, सणाला सुट्टी घेतो, दुसरीकडे जास्त पैसे मिळाले तर तिकडे वळतो. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या पट्ट्यातल्या ऊसतोडीचा अभ्यास केलेल्या यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकातच हे मांडलं होतं: स्थानिक माणूस उपलब्ध असूनही बाहेरचा आणतात, कारण त्याला घर जवळ नसतं. त्या फडांत आपल्या खानदेशातले आदिवासीही जातात.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हॅरिस आणि टोडारो यांचं १९७० चं प्रारूप शिकवतात. माणूस तिकडे मिळू शकणाऱ्या अपेक्षित मजुरीचा अंदाज बांधून निघतो, असं ते सांगतं. इथे अपेक्षा करण्याची वेळच येत नाही. मजुरी निघण्याआधीच हातात पडते आणि बियाण्यात, लग्नात, दवाखान्यात, बोअरच्या खड्ड्यात खर्चही होते. म्हणून हा श्रमाचा बाजार आणि कर्जाचा बाजार एकाच सौद्यात सांधलेला आहे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. ऊसतोडीत एका माणसाच्या वाट्याला त्याहून फार जास्त येत नाही, तरी लोक जातात. कारण हमीच्या कामावर जुलैमध्ये एकरकमी ऐंशी हजार कोणी देत नाही.

आता हिशेब मांडू. हा नमुना आहे, प्रत्येक टोळीचा वेगळा निघेल. एक जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून ट्रॉलीत भरते असं धरा. ३६६ च्या दराने दिवसाचे ७३२ रुपये. बारा तास धरले तर माणशी तासाला साडेतीस. उचल ८०,००० ची आणि किराण्यासाठी आठवड्याला हजार रुपये खर्ची, जी खात्यावर चढत जाते. कामाचे १३० दिवस मिळाले तर मिळकत ९५,१६०. उचल आणि १९ आठवड्यांची खर्ची वजा केली की अंगावर बाकी राहते फक्त ३,८४० ची. ९० दिवसच मिळाले तर मिळकत ६५,८८०, खर्ची तेरा हजार आणि अंगावर २७,१२० रुपये. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीतून कापली जाते. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हातात येणार बावन्न-त्रेपन्न हजार, आणि माणूस त्याच मुकादमाकडे बांधलेला.

या गणितात दर स्थिर ठेवला आहे, बदलले ते फक्त दिवस. आणि दिवसांवर मजुराचा काडीचाही ताबा नाही. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात १,३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला गेला, काही कारखाने जूनपर्यंत चालले. २०२४-२५ मध्ये गाळप साडेआठशे लाख टनांच्या आसपास उतरलं. परवानगी १५ नोव्हेंबरपासून होती, विधानसभेचं मतदान २० तारखेला, त्यामुळे टोळ्या उशिरा पोचल्या आणि बरीच धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावली. लवादाने ३४ टक्के दिले ते खरं, पण हंगामाने जे काढून घेतलं त्यावर कोणी करार करत नाही.

हिशेबात गोंधळ कुठे होतो, तेही सांगतो. वजन फडात होत नाही, कारखान्याच्या काट्यावर होतं. त्याची पावती ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा मुकादमाकडे जाते, तोडणाऱ्याच्या हातात क्वचित येते. मोळ्या मोजून अंदाज बांधणं एवढंच त्याच्याकडे उरतं. मुकादमाचं कमिशन करारानुसार मजुरीच्या वर द्यायचं आहे, पण पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, हिशेबाला बसल्यावर ते वरचं की मजुरीतलं, हे तोंडी हिशेबात पुसट होतं. आणि जोडीचं खातं पुरुषाच्या नावावर. बाईचा अर्धा कोयता कागदावर वेगळा दिसतच नाही.

तो दिसतो खाड्यात. एक दिवस काम बुडालं की दंड, पाचशे रुपये किंवा जास्त. म्हणजे रोज बुडालाच, वर दंड. मासिक पाळी, गर्भपात, ताप, सगळ्याला खाडा सारखाच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी पुढे आणली: ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. यात खासगी दवाखान्यांचा वाटा आहेच, पण दंडाची ही रचना बाजूला ठेवून तो आकडा समजत नाही. लग्न झालं की जोडी होते, म्हणून पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल हा नियम मुलींच्या लग्नाच्या वयापर्यंतही पोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मागे गावात मुलीला सांभाळायला कोणी नसतं, हे दुसरं कारण.

आता मागणीच्या बाजूला येऊ. माणसं कमी पडली की भाव चढायला हवा, हा बाजाराचा साधा नियम. २०२१-२२ च्या शेवटी नेमकं तेच झालं, पण करारातल्या दरात नाही. ऊस उभा वाळत होता, तुरे आलेले होते, शेतकरी घायकुतीला आलेला. त्याच्याकडून एकरी काही हजार रुपये वरून मागितले गेले. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, निराळी. टंचाईचा हा भाव दराच्या बाहेरून वसूल झाला आणि त्यातला किती कोयत्यापर्यंत उतरला हे मुकादमावर अवलंबून राहिलं. शेवटी सरकारला मे २०२२ पासून लांबच्या उसासाठी वाहतूक अनुदान आणि उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये द्यावे लागले. इथे एक गोष्ट विसरू नका. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या एफआरपीतून, म्हणजे शेतकऱ्याला मिळायच्या किमान हमी दरातून, कापला जातो. म्हणजे तोडणीचा दर वाढला की पहिली झळ शेतकऱ्याला बसते, कारखान्याला नाही. दोन गरजू माणसं एकमेकांसमोर उभी करणारी ही रचना आहे. शेतकरी संघटना तोडणीच्या दरवाढीवर फारशा खूश का नसतात, हे त्यातून कळावं.

कायद्याचं थोडक्यात आटोपतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन झालेला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यासाठी बेतलेला होता. बीडचा मजूर कोल्हापूरच्या फडात असेल तर तो त्यात बसत नव्हता, कर्नाटकात निपाणीच्या पलीकडे गेला की कागदोपत्री बसायचा. काम तेच, कोयता तोच. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा जास्त जवळचा आहे, कारण आगाऊ रकमेपोटी काम सोडायची मुभा जाणं हेच त्यात वेठबिगारीचं लक्षण मानलं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची अशी योजना आहे. मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. हे सगळं हवंच, पण त्यातलं काहीही उचलीला पर्याय देत नाही. जुलैत बिनव्याजी किंवा स्वस्त कर्ज देणारी दुसरी दारं उघडली, तर उचलीचा हा सौदा बदलेल.

शेवटी यंत्राचं, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. ऊसतोडणी यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतलं जे कमी तेवढं अनुदान देणारी योजना आली. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. ते चालायला साडेचार-पाच फुटांची सरी, सपाट आणि मोठं रान, उभा ऊस आणि कोरडी जमीन लागते. गुंठ्यागुंठ्याच्या तुकड्यात ते वळत नाही. तोडलेल्या उसात पाचट जास्त येतं म्हणून वजनात साडेचार-पाच टक्के कपात होते, त्यावर शेतकरी कुरकुरतो. तेव्हा यंत्र आलं म्हणजे कोयता संपला, असं लगेच होणार नाही. यंत्र चांगली रानं घेईल. कोयत्याच्या वाट्याला लोळलेला ऊस, ओलं रान, अडचणीचे बांध आणि लांबचे तुकडे राहतील. तिथे जोडीचे दोन टन दीडवर येतात. दिवसाला ७३२ चे ५४९ होतात. खर्ची न धरताही ८०,००० ची उचल फिटायला ११० दिवस लागत होते, तिथे आता १४६ लागतील.