पायवाट एकच, सायकलस्वार निरनिराळे

नमस्कार श्रोतेहो.

डोंगरउताराची अरुंद पायवाट आहे. मध्ये झाडाची उघडी मुळं, पुढे सुटे दगड, मग एकदम वळण. या वाटेवर नवखा सायकलस्वार ब्रेक कुठे दाबायचा ते शोधत असतो. मुरलेला स्वार ब्रेक कुठे सोडता येईल ते शोधत असतो. दोघांचंही पूर्ण लक्ष तिथेच लागलेलं असतं, आणि माउंटन बायकिंगची खरी ओढ मला यातच दिसते.

हा खेळ आकाराला आला तो 1970च्या दशकात, कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत. तिथली तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन ‘रीपॅक’ नावाचा उतार उतरायची. मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या भागातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. पुढे 1996मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिंपिकपर्यंत पोचला.

आज अनेक ठिकाणी वाटांवर रंगांच्या खुणा असतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. पण हिरव्या वाटेला कमी लेखू नका. तिथेच शरीर शिकतं: उतारावर सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल समपातळीत ठेवायची, कोपरं सैल ठेवायची. आणि नजर! दगडाकडे बघत राहिलात, तर चाक दगडावरच जातं. जिथून जायचं आहे तिथे बघा. वेग वळणाच्या आधी कमी करा. सुट्या खडीवर वळताना पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक घसरतं.

चढाबद्दल मात्र फार कमी बोललं जातं, याची मला खंत वाटते. मुळांनी भरलेला चढ पाय न टेकता पार करणं उडी मारण्याइतकंच कसबाचं आहे. पुढे झुकलात तर मागचं चाक जागीच फिरतं, मागे रेललात तर पुढचं उचलतं. हा तोल साधायला ताकदीपेक्षा सराव जास्त लागतो, म्हणून कोणत्याही वयात त्यात सुधारणा होत राहते.

तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल, तर हेल्मेट घाला, ब्रेक तपासा, उतारापूर्वी सीट खाली करा. रस्त्यावर ठेवता त्यापेक्षा टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते. आणि एखादा टप्पा झेपेलसा वाटला नाही, तर उतरून चालत जा. कसलेले स्वारसुद्धा अवघड टप्पा आधी पायी बघून येतात.