मामांचा आइसबॉक्स

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सरत आला की डेंगी बळावतो आणि रक्तपेढीच्या खिडकीवर एकच वाक्य सारखं कानावर पडतं : "पेशंटच्या पेशी कमी झाल्यात." पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्तस्राव थांबवणाऱ्या. आज सांगायचंय ते एवढंच : प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पुन्हा सांगतो, फ्रिजमध्ये नाही, बर्फात तर नाहीच.

एकदा माझी रात्रपाळी होती. अकराच्या पुढे कराडकडच्या खेड्यातले एक मामा आले. भाची अ‍ॅडमिट होती. काखेत निळा आइसबॉक्स आणि त्यात मासेवाल्याला झोपेतून उठवून आणलेला बर्फ. म्हटलं, "मामा, आधी तो बर्फ काढा."

"काढा? अहो, बायकोच्या ऑपरेशनला रक्त नेलं तेव्हा बर्फाशिवाय पिशवी देत नव्हता!"

त्यांचंही खरंच होतं. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ठेवतात, प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांत. सांगून पटेना, म्हणून त्यांना काचेतून अ‍ॅजिटेटर, म्हणजे प्लेटलेटच्या पिशव्या हलवत ठेवणारं यंत्र, दाखवला. आतले ट्रे रात्रंदिवस इकडून तिकडे सरकत असतात. हलवलं नाही तर पिशवीत आम्ल साठतं आणि पेशी मरतात. मग एक पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच फिरवली. पिवळसर द्रवात रेशमासारखी झळक फिरली.

"ही झळक आहे तोवर पेशी चपट्या, धडधाकट. गारठल्या की गोल होतात, झळक जाते. अंगात गेल्यावर यकृत त्यांना लगेच बाजूला काढतं."

"मग पुन्हा गरम केल्या तर?"

"तरी यकृत फसत नाही, मामा."

मामांनी बर्फ मोरीत ओतला आणि पिशवी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. थोड्या वेळानं फोन. "साहेब, खड्ड्यांनी हलतंय तेवढं पुरे का, का मी वेगळं हलवू?" आमच्याकडच्या रस्त्यांचा असाही उपयोग होतो! वाटेत काही तास हलवलं नाही तरी बिघडत नाही, हे सांगेपर्यंत रेंज गेली.

थंडीनं प्लेटलेट अंगात टिकत नाहीत, हे मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी १९६९ साली दाखवलं. पण उबेत जंतूही वाढतात, म्हणून आपल्याकडे पिशवीचं आयुष्य जेमतेम ५ दिवस. अमेरिकेत २०२३पासून, नेहमीच्या प्लेटलेट मिळण्यासारख्या नसतील तेव्हा, वाहतं रक्त थांबवायला थंड प्लेटलेट १४ दिवसांपर्यंत वापरायला मुभा आहे. त्या अंगात टिकत नाहीत, पण वाहतं रक्त चटकन थांबवतात. डेंगीच्या पेशंटचं गणित वेगळं, त्याला अंगात टिकणाऱ्या पेशी हव्यात.

आणि हो, पेशी वाढतात म्हणून खातात ते किवी! डेंगी आला की त्याचा भाव काय चढतो! खा बापडे, पण त्यापायी उसनवारी नको. रक्तस्राव नसेल आणि पेशी १० हजारांच्या वर असतील तर बहुतेक वेळा पिशवीही लागत नाही. डॉक्टरांच्या मागे लागू नका.

पिशवी मिळाली की उन्हात, डॅशबोर्डवर ठेवू नका. कोमट पाण्यात बुडवू नका. बर्फ नाही, फ्रिज नाही. वॉर्डात पोचली की लगेच लावायला सांगा.

डोनर पाठवणार असाल तर त्यानं गेल्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नाही ना, हे घरीच विचारा. आणि त्याला जेवून यायला सांगा.