एकटे निघालेले वाक्य

मित्रहो, विज्ञान सोपे करून कसे सांगावे याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मला त्याच्याही आधीची एक अडचण मांडायची आहे. सभागृहातील श्रोता तासभर जागेवर असतो, त्यामुळे विसाव्या मिनिटाला केलेल्या विधानाची मर्यादा मी चाळिसाव्या मिनिटाला सांगितली तरी चालून जाते. ऑनलाइन लिहिताना ही सवलत नसते. लेखातील एखादे वाक्य कोणीतरी उचलतो, त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवतो, आणि मागचे-पुढचे परिच्छेद सोडून ते वाक्य एकटेच प्रवासाला निघते. म्हणून विधानाची मर्यादा त्याच वाक्यात हवी, असा माझा आग्रह आहे.

एक उदाहरण इंटरनेट घरोघर पोहोचण्यापूर्वीचे आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवले की, तिसऱ्या पिढीतील, म्हणजे त्या वेळच्या नव्या प्रकारच्या, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. विधान खोटे नव्हते. आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांत जिथे एकीला गुठळी होत असे, तिथे नव्या गोळ्यांमुळे दोघींना होत होती, एवढाच त्या दुपटीचा अर्थ होता. पण बातम्यांतून गाजला तो ‘दुप्पट’ हा शब्द. अनेकींनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. वास्तविक गर्भारपणात गुठळीचा धोका या गोळ्यांच्या धोक्यापेक्षाही अधिक असतो. अंश सर्वत्र पोहोचला, छेद मागे राहिला. ‘सात हजारांत एकीऐवजी दोघींना’ असे लिहायला असे कितीसे शब्द जास्त लागले असते?

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ पेरले तर लेखन बुळबुळीत होईल. ते खरेच आहे, आणि मला ते अभिप्रेतही नाही. नेमके काय मोजले गेले आणि काय अजून ठरलेले नाही, हे क्रियापदानेच सांगता येते. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांवरील ‘ऑपेरा’ प्रयोगातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटरवरील, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेकडे निघालेले न्यूट्रिनो प्रकाशाच्या हिशेबापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याची नोंद झाली आहे, आम्हाला चूक सापडलेली नाही, इतरांनी ही नोंद तपासावी. प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही, असे आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो; मथळ्यांमध्ये मात्र आइन्स्टाइन चुकला होता! पुढच्या वर्षी वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतील एका ऑप्टिकल फायबरची जोडणी सैल असल्याचे, म्हणजे मोजमापच चुकल्याचे, आढळले. ‘नोंद झाली’ असे लिहिणाऱ्याला तेव्हा काही मागे घ्यावे लागले नाही; ‘वेगवान आहेत’ लिहिणाऱ्यांवर मात्र खुलासा करण्याची वेळ आली, आणि खुलासा मूळ बातमीइतका क्वचितच वाचला जातो.

मी स्वतः लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील आकडे असलेली वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवतो आणि एकेक करून वाचतो. जे वाक्य एकटे पडताच खोटे बोलू लागते, ते पुन्हा लिहितो. शीर्षकाला ही कसोटी सर्वात कठोरपणे लावतो, आणि तिथेच मी सर्वाधिक वेळा नापास होतो.